‘ढ’ कोणाला म्हणायचं?

देवनागरीत एवढी अक्षरं असताना अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण ‘ढ’च का म्हणतो? ‘क’ का नाही, ‘ळ’ का नाही? जुने शिक्षक याचं एक उत्तर सांगत. सम्राट अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत जवळपास सगळी अक्षरं बदलत गेली. ब्राह्मीतला ‘क’ आज कुणाला दाखवला तर त्याला ते बेरजेचं चिन्ह वाटेल. ‘ढ’ मात्र दोन हजारांहून जास्त वर्षं बहुतेक जसाच्या तसा राहिला, डोक्यावर एक रेघ आली एवढंच. म्हणून जो वर्षानुवर्षं पुढे सरकत नाही तो ‘ढ’! शब्दाचं मूळ हेच, अशी पैज मी लावणार नाही. पण अक्षराबद्दलची माहिती खरी आहे आणि वर्गात सांगितली की पोरं खूश होतात. ज्याला रोज ‘ढ’ म्हणतात तो सोडून.

हे आठवायचं कारण असं, की गेल्या महिन्यात भाचेसुनेचा फोन आला. मुलगा तिसरीत आहे. तोंडी सगळं येतं, गोष्टी रंगवून सांगतो, पण वाचायला बसवलं की घाम फुटतो. शाळेने ‘एकदा तपासणी करून घ्या’ असं सुचवलं आणि घरात जणू सुतक आलं. ‘आत्या, डिस्लेक्सिया निघाला तर काय करायचं हो?’ ती विचारत होती आणि मागून तिच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या वहिनींचा आवाज येत होता, ‘आपल्या घराण्यात असं कुणी नव्हतं!’ वहिनी हे लेख नेमाने वाचतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. (वहिनी, रागावू नका हं.) पण खरं सांगा, प्रत्येक घराण्यात एक असे काका असतातच ना, चौथीत शाळा सोडलेले, तोंडी हिशेबाला पक्के आणि पत्र मात्र कायम दुसऱ्याकडून लिहून घेणारे? ते होतेच. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द एकच होता, तो वर सांगितला.

तर आज या शब्दाच्या पलीकडचा इतिहास सांगायचा आहे. मी इतिहासाची बाई, त्यामुळे सनावळ्या येणारच. सहन करा.

१८९६ साल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचं गाव आहे. तिथले एक डॉक्टर, प्रिंगल मॉर्गन, यांनी त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटं टिपण छापलं. विषय होता पर्सी एफ. नावाचा चौदा वर्षांचा मुलगा. चांगल्या, शिकलेल्या घरातला. खेळात चपळ, बोलण्यात हुशार, नजर उत्तम. सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या चालू होत्या. तरीही छापील मजकूर त्याला वाचता येत नव्हता. अगदी साधे, छोटे शब्द कसेबसे ओळखायचा. स्वतःचं नाव लिहिताना त्याने ‘पर्सी’चं ‘प्रेसी’ केलं, आणि डॉक्टरांनी दोन-तीनदा लक्ष वेधेपर्यंत चूक त्याच्या ध्यानातही आली नाही. आता गंमत बघा. याच मुलाला डॉक्टरांनी ७४९ गुणिले ८६७ करायला सांगितलं, ते त्याने झटपट आणि बिनचूक केलं. आकडे वाचता येतात, बीजगणित येतं, शब्द मात्र नाही. गणित आवडतं, छापलेल्या शब्दांना मात्र काही अर्थच वाटत नाही, असं तो सांगत होता.

‘पर्सी’चं ‘प्रेसी’ वाचून मी हसले, कारण माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत ‘सूर्य’चं ‘सूय्र’ आणि ‘गर्व’चं ‘ग्रव’ किती वह्यांत पाहिलं असेल याची गणती नाही. तो ‘र’ जगभर कुठेही घसरतो असं दिसतं!

मॉर्गन हे काही या विषयातले पहिलेच गृहस्थ नव्हेत. जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ च्या आपल्या ग्रंथात ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द वापरला होता, पण तो मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ मध्ये ‘शब्दांधत्वा’वर लेख लिहिला, तो वाचूनच मॉर्गनना पर्सीचं कोडं उलगडलं. पुढे १९१७ मध्ये हिन्शेलवुडनी जन्मजात शब्दांधत्वावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. सुरुवातीला डोळ्यांच्याच डॉक्टरांची नावं दिसतात, याचं कारण सोपं आहे. मुलाला वाचता येत नाही म्हटल्यावर आईबाप त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडेच नेणार, आणि डॉक्टर म्हणणार, डोळे तर ठणठणीत आहेत! आजचं शास्त्र सांगतं की बहुतेकांची मूळ अडचण डोळ्यांत नसते. कानांवर पडलेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि त्या ध्वनींची अक्षरांशी गाठ मारणं, यात मेंदूला कष्ट पडतात. अडचण पुष्कळदा आनुवंशिक असते आणि बुद्धिमत्तेशी तिचा संबंध नसतो.

पण मला त्या टिपणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. मॉर्गननी पर्सीच्या शिक्षकाचं मत नोंदवलं आहे. पर्सीला काही वर्षं शिकवणारा तो मास्तर म्हणत होता की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा मुलगा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. त्या मास्तराचं नावही छापलेलं नाही. डॉक्टरांनी शोध लावला असं पुस्तकं सांगतात, ते खरंच आहे. पण मुलगा मठ्ठ नाही, वाट चुकीची आहे, हे ओळखणारा माणूस डॉक्टरांच्या आधी वर्गात उभा होता. माझा हा एकच मुद्दा आहे, पुढचं सगळं त्याच्याच भोवती फिरणार आहे.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण पुढची पन्नास वर्षं ही गोष्ट तिथे घडली. १९२५ मध्ये आयोवा राज्यात सॅम्युअल ऑर्टन नावाचे डॉक्टर फिरतं तपासणी केंद्र घेऊन खेड्यांत जात. शिक्षकांनी अभ्यासात मागे असलेली मुलं त्यांच्याकडे पाठवली. त्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता, वाचन शून्य. बुद्धिमापन चाचणीत त्याला एकाहत्तर गुण पडले, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने मंदबुद्धीच. ऑर्टन त्याच्याशी बोलत बसले आणि त्यांनी निष्कर्ष काढला की हा आकडा या मुलावर अन्याय करतो, मोजपट्टीच या मुलाला मोजायला अपुरी आहे. ज्याला वाचता येत नाही त्याची बुद्धी लिखापढीच्या जगात घडवलेल्या चाचणीने मोजायची, हे माशाला झाडावर चढायला लावण्यासारखंच की! अक्षरं उलटसुलट का दिसतात याबद्दलची ऑर्टन यांची मेंदूच्या दोन अर्धगोलांची उपपत्ती पुढे टिकली नाही. त्यांनी त्या मुलावर आकड्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला, तो मात्र टिकला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या शिक्षिकांनी डोळे, कान आणि हात एकाच वेळी वापरून ध्वनी-अक्षराची जोडी पक्की करायची पद्धत बांधली. तिच्यावर आधारलेली शिकवणी आजही जगभर चालते.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ग्रेस फर्नाल्ड या बाई अशा मुलांसाठी वर्ग चालवत होत्या. १९२१ पासून. त्यांची पद्धत ऐका. शिकायचा शब्द मुलाने स्वतः निवडायचा. कोणताही, कितीही लांब. बाई तो कागदाच्या पट्टीवर जाड खडूने मोठ्ठा लिहिणार. मुलाने त्यावरून बोट फिरवायचं आणि फिरवताना शब्द तोंडाने म्हणायचा. पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत. मग न बघता लिहायचा. मग त्या शब्दांची स्वतःची गोष्ट लिहायची, बाई ती टाइप करून देणार आणि मूल आपलीच गोष्ट छापील अक्षरांत वाचणार. पहिल्या दिवशी मुलाच्या चुकांचा विषयही काढायचा नाही असा त्यांचा दंडक होता. ‘तुझ्यासारख्या हुशार माणसांना ही अडचण येते, आपण वेगळ्या वाटेने जाऊ’ एवढं सांगायचं आणि लगेच एक शब्द शिकवून मोकळं व्हायचं. म्हणजे पहिल्याच दिवशी घरी जाताना मुलाच्या खिशात एक जिंकलेला शब्द!

हे वाचताना तुम्हालाही वाटलं असेल, अहो, हे तर आपलं गिरवणं! पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. पाटावर बारीक धूळ पसरायची आणि त्यात बोटाने अक्षर काढायचं, तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं. ‘धुळाक्षरं’ हा शब्द त्यातूनच आला. नंतर दगडी पाटी आली, मग वही आली, आणि हात हळूहळू शिकण्यातून निघून गेला, फक्त उतरवून काढण्यापुरता उरला. मात्र पंतोजींना डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही. त्यांच्या एका हातात धूळपाटी होती, तशी दुसऱ्या हातात छडीही होती. छडीच्या धाकाने ध्वनी आणि अक्षर यांची गाठ बसत नाही, भीती मात्र बसते.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९२९ च्या सुमाराची. शिकागोजवळ ओक फॉरेस्ट इथे ‘मतिमंद आणि वाह्यात’ ठरवलेल्या मुलांची एक निवासी शाळा होती. तिथे सॅम्युअल कर्क नावाचा विद्यार्थी शिक्षण घेता घेता नोकरी करत होता. एका मुलाच्या कागदपत्रांत त्याने ‘शब्दांध’ असा शेरा वाचला. कुतूहल वाटलं म्हणून त्याने हिन्शेलवुड वाचला, फर्नाल्डबाईंची पद्धत वाचली आणि मुलाला शिकवायचं ठरवलं. पण दिवसा वेळ नाही, आणि रात्री नऊनंतर मुलांनी अंथरुणातून उठायचं नाही असा मुख्य परिचारिकेचा हुकूम. तर हा मुलगा रोज रात्री नऊ वाजता गुपचूप उठून यायचा, आणि दोन शयनगृहांच्या मधल्या बोळात, मुलांच्या संडासाच्या दारात, यांची शिकवणी चालायची! काही महिन्यांत तो वाचायला लागला. पुढे कर्क हे मोठे शिक्षणतज्ज्ञ झाले. आपण पहिली शिकवणी शाळेत नाही, दवाखान्यात नाही, प्रयोगशाळेत नाही, तर शौचालयात घेतली, असं ते पुढे अभिमानाने सांगत.

मला त्यातलं काय आवडतं सांगू? ज्याला ‘शिकायची इच्छाच नाही’ असं सगळे म्हणत असतील, असा तो मुलगा रोज रात्री झोप मोडून, नियम मोडून शिकायला येत होता.

याच कर्क यांनी ६ एप्रिल १९६३ रोजी शिकागोत पालकांच्या सभेपुढे बोलताना ‘लर्निंग डिसॅबिलिटीज’ हा शब्दप्रयोग मांडला. पालकांना तो इतका पटला की त्यांनी त्याच नावाने संघटना उभारली, आणि तेच नाव आज आपल्या कायद्यात ‘अध्ययन अक्षमता’ म्हणून आलं आहे. मजेची गोष्ट म्हणजे त्याच भाषणात कर्क यांनी बजावलं होतं की आपण मुलांना लावतो त्या नावांनी आपलं समाधान होतं, मुलाला त्याचा उपयोग फारसा होत नाही. भाषण विसरलं गेलं, नाव राहिलं. (‘अक्षमता’ हा आपला मराठी शब्द मला मुळीच आवडत नाही. पण सरकारदरबारी तोच चालतो.)

असो. आता आपल्या अंगणात येऊ.

मराठी शिकणाऱ्या मुलापुढच्या अडचणी इंग्रजी शिकणाऱ्यापेक्षा वेगळ्या आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांत त्या सापडत नाहीत. आपली लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे, ही मोठी सोय. ‘कमळ’ म्हटलं की ‘कमळ’च. पण ऱ्हस्व वेलांटीचं काय? ‘कि’ म्हणताना आधी ‘क्’ ऐकू येतो, मग ‘इ’. पण लिहून झाल्यावर वेलांटी दिसते अक्षराच्या आधी! डोळ्यांचा क्रम आणि कानांचा क्रम उलटा. ‘र’ तर बहुरूपीच. ‘सूर्य’त डोक्यावर, ‘चक्र’त पोटात, ‘राष्ट्र’त पायाखाली, ‘सुऱ्या’त आणखी निराळा. शिवाय ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’ या जुळ्या भावंडांचा गोंधळ. बहुतेक मुलं यातून वर्षा-दोन वर्षांत पार होतात. काहींना पाच-सहा वर्षं लागतात. काही पार होण्याआधीच शाळेतून बाहेर पडतात. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा सहा वर्षांच्या मुलापुढे एकाच वेळी दोन लिप्या आल्या.

आणि आकडे! ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी, चाळीस मागून. लिहिताना चार आधी, तीन मागून. ज्याचा क्रमाशी झगडा आहे तो बिचारा कानाला इमान राखून ३४ लिहितो आणि मार खातो. ‘एकोणपन्नास’मध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे चार आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचायची सोय दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतं? विधानसभेत टिंगल झाली, मराठी बुडाली म्हणून लेख आले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, अडखळणाऱ्या मुलांसाठी ही जास्तीची पायरी आहे. त्या २०२३ मध्ये गेल्या. टिंगल करणारे सगळे जण ‘त्रेचाळीस’ पहिल्या फटक्यात शिकलेले असावेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवत होते, तेव्हाची म्हणजे १९८४-८५ ची एक आठवण सांगते. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांचं एसटी स्टँडाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. मुलगा बारा-तेराव्या वर्षी चाकाचा आऊट असा काढायचा की मोठी माणसं थांबून बघत. स्टँडवरच्या घोषणा ऐकून ऐकून सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याला पाठ. पण गाडीवरची पाटी वाचता येत नव्हती. वर्गात मराठीचं प्रकट वाचन सुरू झालं, की ओळीने आपली पाळी कधी येणार याचा हिशेब तो करायचा आणि बरोबर दोन मुलं आधी उठायचा. ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ ‘बाई, डस्टर झटकून आणू?’ ‘बाई, ऑफिसातून खडू आणू?’ शिक्षकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. कुणी पोट दुखवून घेतं, कुणी विदूषक होतं, कुणी मुद्दाम मस्ती करून वर्गाबाहेर काढून घेतं. वाचता येत नाही म्हणून हसं होण्यापेक्षा मस्तीखोर म्हणून मार खाल्लेला बरा, असा हिशेब असतो. मुलं फार धोरणी असतात हो.

त्याच्यासाठी मी दोन-तीन गोष्टी केल्या. त्या कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या. एक म्हणजे वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगायचा, तोही चार-पाच ओळींचाच. शेजारचा मुलगा त्याला तो दोनदा वाचून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी पाळी आली की निम्मं पाठ, निम्मं वाचन, पण तो उभा राहायचा. दुसरं, इतिहासाच्या तासाला गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडे. आग्र्याहून सुटकेचा प्रसंग त्याने असा सांगितला की शेजारचा वर्ग खिडकीत आला. तिसरं, चाचणीत त्याची उत्तरं मी तोंडी घ्यायचे आणि त्याच्या वहीत स्वतः लिहून ठेवायचे. लाल शाईच्या गोलांनी भरलेल्या त्याच्या वहीत ते एकच पान स्वच्छ होतं, आणि मधल्या सुट्टीत तो ते इतरांना दाखवत फिरायचा. सहा महिन्यांत ‘पाणी पिऊन येऊ?’ बंद झालं. वाचन तसं फार सुधारलं नव्हतं, खोटं कशाला सांगू? पण एक शब्द अडला की पुस्तक मिटणारा मुलगा आता विचारायला लागला, ‘बाई, हे काय आहे?’

पण माझी वही काही शाळेच्या निकालपत्रकाला चालत नव्हती. आठवीत ढकलला गेला, नववीत दोनदा बसला. मग शाळेने वडिलांना बोलावून दाखला हातात दिला. दहावीचा निकाल खाली येऊ नये म्हणून नववीतच चाळणी लावायची, ही तेव्हा कितीतरी शाळांची रीत होती. कायद्यात त्याच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती, मग भांडायचं कशाच्या जोरावर?

ती ओळ आली १९९६ मध्ये. महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, एक भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभव. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्यासारख्या केंद्रांत मुलांची तपासणी होऊन दाखले मिळू लागले. आमच्या शिक्षकखोलीत या सवलतींवर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. ‘मग सगळ्यांनाच द्या की पास करून!’ वगैरे. यावर माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: चष्मा लावून परीक्षेला बसलेल्या मुलाचे आपण गुण कापतो का? पर्सीला ७४९ गुणिले ८६७ येत होतं. प्रश्न वाचता येत नाही म्हणून त्याला गणितात शून्य द्यायचं, तर ती परीक्षा गणिताची कशी?

टीकेतला एक भाग मात्र खरा होता. तपासणीच्या बहुतेक चाचण्या इंग्रजीत होत्या, केंद्रं मोठ्या शहरांत होती, आणि त्यामुळे दाखला मिळायचा तो मुख्यतः शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या, जाणत्या पालकांच्या मुलांना. सायकलवाल्याच्या पोराला मुंबई कोण दाखवणार?

डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ आला आणि जे आम्ही पालकसभेत वर्षानुवर्षं समजावू शकलो नव्हतो ते अडीच-तीन तासांत घराघरांत पोचलं. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला, पाचगणीच्या शाळेत चित्रित झालेला, म्हणजे आमच्या जिल्ह्यातलाच! मी तो दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रडले. तरी एक तक्रार आहेच. सिनेमात आईन्स्टाईनचं नाव येतं आणि तेव्हापासून प्रत्येक भाषणात येतं. एक तर त्याला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही. आणि दुसरं, मुलाने आईन्स्टाईन किंवा मोठा चित्रकार होऊन आपली किंमत सिद्ध केली तरच तो ‘ढ’ नाही, असं आहे का? साधं, मध्यम, कुठलीही स्पर्धा न जिंकणारं मूलही ताठ मानेने शाळेत बसलं पाहिजे. बहुतेक मुलं अशीच असतात, वाचता येणारीसुद्धा.

पुढचं थोडक्यात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या मुलांचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमात ही अडचण लवकरात लवकर ओळखून त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करण्याचं काम शाळांवर टाकलं आहे. म्हणजे पर्सीच्या मास्तराचं काम आता कायद्याने नेमून दिलं! त्याआधी २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांतल्या चाचण्यांचा संच तयार केला होता, त्यात हिंदी, कन्नड यांच्याबरोबर मराठीही आहे. वेलांटी आणि जोडाक्षरं असलेल्या भाषेतल्या मुलाची तपासणी त्याच भाषेत, एवढी साधी गोष्ट व्हायला पर्सीनंतर एकशे एकोणीस वर्षं गेली.

त्या सायकलवाल्याच्या मुलाचं आज स्वतःचं दुचाकींचं गॅरेज आहे, तीन माणसं हाताखाली आहेत. त्याच्या धाकट्या मुलीलाही वाचनाची तीच अडचण निघाली. तिची तपासणी झाली, दाखला मिळाला, आणि जादा वेळ घेऊन ती दहावी झाली. तो मला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतो. मी लिहिलेलं फोनकडून वाचून घेतो आणि ‘बाई, तुमचा फोनवाला मराठी फार वाईट वाचतो’ अशी तक्रार करतो. तेव्हा हा लेखही फोनच त्याला वाचून दाखवणार.

माझी आणखी एक विद्यार्थिनी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. धूळपाटीचं तिला मागे सांगितलं होतं, तर तिने स्टीलच्या ताटांत रवा पसरून मुलांना बोटाने अक्षरं काढायला लावली, तोंडाने म्हणत म्हणत. पहिल्याच आठवड्यात रव्याला मुंग्या लागल्या. आता ओढ्यावरची बारीक वाळू चाळून आणली आहे म्हणे.